फोन खिशात, रस्ता कानात

हेल्मेटला लावायच्या ब्लूटूथ हेडसेटबद्दल कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या वेळी देत आहोत. एकाच अडचणीचे प्रश्न एकत्र केले आहेत.

रोज राजारामपुरी ते कागल एमआयडीसी जाणं-येणं, महिन्यातून एखादी पुणे फेरी. रस्ता ऐकायला, थोडी गाणी आणि अडीनडीचा फोन, एवढीच गरज आहे. दुकानात हजार-दीड हजारापासून तीस हजारांपर्यंतचे हेडसेट दाखवतात. कोणता घ्यावा?

हेडसेट बघण्याआधी तुमचं हेल्मेट उलटं करून आत बघा. कानापाशी गालाच्या पॅडमागे थर्माकोलमध्ये गोल खळगा आहे का? हेडसेटचे स्पीकर साधारण ४० मिलिमीटर व्यासाचे आणि ८ ते १० मिलिमीटर जाड असतात. खळगा नसेल किंवा उथळ असेल, तर स्पीकर कानाच्या पाळीवर दाबला जातो. दुकानात दोन मिनिटं घालून हे कळत नाही. तवंदी घाटापर्यंत जाऊन आलात की कान ठणकायला लागतो. मग लोक चाकूनं थर्माकोल कोरतात. तसं अजिबात करू नका. पडल्यावर तो थर्माकोल चेंबतो आणि धक्का स्वतःवर घेतो. जिथून तो कोराल, तिथं डोक्याचं रक्षण कमी होतं. अर्ध्या हेल्मेटला तर स्पीकर धरून ठेवायला जागाच नसते आणि हनुवटीही उघडी राहते. त्यामुळे तुमचं हेल्मेट तसं असेल, तर पैसे आधी आयएस ४१५१ या हेल्मेटच्या भारतीय मानकाचा आयएसआय शिक्का असलेल्या पूर्ण हेल्मेटवर खर्च करा. हेडसेट पुढच्या पगारात.

तुम्ही एकटेच जाता. तीस हजारांच्या हेडसेटची बरीचशी किंमत मेश इंटरकॉमची, म्हणजे अनेक गाड्यांनी एकमेकांशी बोलण्याच्या सोयीची असते. ती तुम्हाला लागणार नाही. मधल्या किमतीचा घ्या आणि पुढच्या गोष्टी हातात धरून तपासा. बटणं हातमोजे घालूनही चाचपडून कळली पाहिजेत. नुसतं बोट फिरवायचं पॅनल पावसात दगा देतं. स्पीकर आणि माइक प्लगनं जोडलेले असावेत, कारण आधी तुटते ती माइकची वायर. ती आतून डाग देऊन पक्की केलेली असेल, तर एका वायरीपायी सगळा संच बाद होतो. सुटे स्पीकर आणि सुटा माइक विकत मिळतो का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. पूर्ण हेल्मेटसाठी लहान बटणासारखा माइक लागतो, उघडता येणाऱ्या हेल्मेटसाठी लवचिक दांडीचा; खोक्यात दोन्ही असतील तर उत्तम.

ब्लूटूथ ५.० की ५.३, यावर डोकं शिणवू नका. फोन तुमच्याच खिशात, हेल्मेटपासून हातभर अंतरावर. आकडा वाढला म्हणून गाणं गोड लागत नाही. बॅटरीचे छापील तासही बेताच्या आवाजावरचे असतात, पण पुणं इथून सुमारे २३० किलोमीटर. खोक्यावर दहा तास लिहिलेला कोणताही बरा हेडसेट तेवढं निभावतो.

रंकाळ्यावर फिरताना आवाज खणखणीत येतो. पण हायवेला सत्तरच्या पुढे गेलं की काहीच ऐकू येत नाही, आवाज पूर्ण केला तरी. जास्त ताकदीचे स्पीकर घालावेत का?

आधी असलेले स्पीकर हलवून बघा. आमच्याकडे आलेल्या तक्रारींत सर्वांत जास्त पत्रं याच अडचणीची आहेत, आणि बहुतेक वेळा स्पीकर चांगलाच असतो, फक्त जागा चुकलेली असते. हेल्मेटमधला खळगा कानाच्या नेमका समोर असेलच असं नाही. अनेकदा तो थोडा मागे किंवा खाली असतो. स्पीकरचा मध्य कानाच्या भोकासमोर हवा. एक सेंटिमीटर इकडंतिकडं झालं तरी वरचा, बोलणं कळायला लागणारा आवाज कापला जातो आणि उरतो तो नुसता घुमणारा.

स्पीकर काढून हेल्मेट घाला, पट्टा आवळा. तर्जनी खालून आत सरकवून कानाच्या भोकापाशी न्या, आणि बोट तिथंच ठेवून दुसऱ्या हातानं हेल्मेट अलगद काढा. बोटाचं टोक जिथं टेकलंय तिथं खडूची खूण करा. दुसऱ्या बाजूला वेगळं मोजा, कारण दोन्ही कान एका पातळीवर असतातच असं नाही. आता वेल्क्रोची चकती त्या खुणेवर लावा. स्पीकर आणि कान यांच्यात बोटभर फट राहत असेल, तर स्पीकरमागे खोक्यातली फोमची चकती घाला. नसेल तर वेल्क्रोचे दोन थर करा. स्पीकर कानाला हलका टेकावा, दाबू नये. युनिट, म्हणजे हेल्मेटबाहेर बसणारी बटणांची डबी, डाव्या बाजूला असेल, तर लांब वायर मागच्या पॅडखालून उजवीकडं न्या आणि तिला थोडी ढील ठेवा. डोकं आत घालताना तीच ओढली जाते.

मग वारा. शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज सहज ९५ डेसिबलच्या घरात जातो. त्याच्यावर गाणं चढवायचं, तर स्पीकर त्याहून मोठा लावावा लागतो. कामाच्या जागच्या आवाजासाठी अमेरिकेतील नायोश या संस्थेची शिफारस अशी आहे, की ८५ डेसिबल आठ तास चालेल, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास. पुण्याचा प्रवास चार-साडेचार तासांचा. ताकदवान स्पीकर घालून तुम्ही कानाचं नुकसानच वाढवाल, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

म्हणून वारा कमी करा. हनुवटीखालचा कापडी पडदा काढून ठेवला असेल तर परत लावा, काच पूर्ण बंद करा, हेल्मेट डोक्याला सैल असेल तर गालाचे जाड पॅड घाला. लांबच्या प्रवासाला मऊ फोमचे इअरप्लग वापरून बघा. उलटं वाटेल, पण प्लग वाऱ्याची गर्जना खाली आणतात आणि स्पीकरचं बोलणं त्यातून वेगळं ऐकू येतं. हॉर्नही ऐकू येतो. फक्त शहरात शिरताना ते काढून ठेवा.

हेल्मेटखाली साधे इअरफोन घातले तर काय बिघडतं?

कानात घुसणारे इअरफोन कान बंद करून वर गाणं वाजवतात, त्यात मागच्या गाडीचा हॉर्न बुडतो; ते हेल्मेट घालताना निघतात, आणि पडल्यावर कानात कडक तुकडा दाबला जातो. हेडसेटचा स्पीकर कानाबाहेर राहतो आणि कान बंद करत नाही. आवाजाची मर्यादा ठरवायला सोपी खूण सांगतो : कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबलात आणि शेजारच्या गाडीवाल्यानं पत्ता विचारला, तर गाणं चालू असताना तो कळला पाहिजे.

गगनबावड्याकडून करूळ घाटानं खाली उतरताना मॅपचा आवाज मध्येच बंद पडतो. शिवाय सूचनेचा पहिला शब्द नेहमी खाल्ला जातो. "डावीकडे" की "उजवीकडे" तेच कळत नाही. पावसात हेडसेट टिकेल का, हीही धास्ती आहे.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

घाटात मोबाइलची रेंज जाते. उपग्रहाचं जीपीएस चालूच असतं, पण मॅपला पुढचा नकाशा डाउनलोड करता येत नाही, आणि वाट चुकलात तर नवा रस्ता काढता येत नाही. घरून निघताना वायफायवर गुगल मॅपमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. चौकट कोल्हापूरपासून वैभववाडी, कणकवलीपर्यंत ओढा, म्हणजे भुईबावडा आणि फोंडा हे दोन्ही पर्यायी घाट त्यात येतील. पावसाळ्यात दरड पडली की ऐनवेळी त्यांचाच आधार असतो. घाट चालू आहे की बंद, हे मात्र उतरवलेला नकाशा सांगणार नाही. ते गगनबावड्यातच विचारून घ्या.

पहिला शब्द खाल्ला जातो, कारण बराच वेळ आवाज आला नाही की हेडसेट वीज वाचवायला स्पीकर झोपवतो. सूचना आली की जागा व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात शब्द निघून जातो. मंद आवाजात गाणं चालू ठेवा. वाहिनी जागी राहते, सूचनेच्या वेळी फोन गाणं आपोआप दबवतो. त्याआधी मॅपच्या नेव्हिगेशन सेटिंगमध्ये ब्लूटूथवर आवाज देण्याचा पर्याय चालू आहे ना, आणि फोनच्या ब्लूटूथ यादीत हेडसेटच्या नावापुढे कॉल आणि मीडिया हे दोन्ही चालू आहेत ना, ते बघा. फोन येतो पण गाणं आणि मॅप येत नाही, असं असेल तर मीडियाचा पर्याय बंद पडलेला असतो.

आवाज तुटक येत असेल तर फोन कुठं आहे ते पाहा. ब्लूटूथच्या लहरी शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात. युनिट हेल्मेटच्या डाव्या बाजूला आणि फोन पँटच्या उजव्या मागच्या खिशात असेल, तर मध्ये तुम्ही अख्खे आडवे येता. फोन जाकिटाच्या डाव्या छातीच्या खिशात ठेवा. हँडलच्या होल्डरपेक्षा तो तिथंच बरा. मोठ्या इंजिनाच्या थरथरीनं फोनच्या कॅमेऱ्यातली फोकस आणि स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अॅपलनं सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. बुलेटवाल्यांनी तो मनावर घ्यावा.

आता पाऊस. खोक्यावर धूळ-पाणी किती रोखलं जातं ते सांगणारा आयपी आकडा शोधा. आयपी ६७ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून चाचणी झालेली. आयपीएक्स ४ म्हणजे नुसते शिंतोडे; पहिल्या आकड्याच्या जागी एक्स असला की धुळीची चाचणी दाखवलेली नाही. गगनबावडा, राधानगरीच्या पावसाला शिंतोड्यांचं आश्वासन पुरत नाही. नुसतं "वॉटरप्रूफ" लिहिलंय आणि आकडा नाही, तो हेडसेट पावसाळ्यासाठी घेऊ नका. चांगला आकडाही चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसलेलं असतानाच खरा. घरी आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका. ओल्या पिनांतून वीज गेली की त्या गंजून काळ्या पडतात. युनिट काढा, पुसा, पंख्याखाली रात्रभर राहू द्या. पॅडिंग धुताना स्पीकर काढायला विसरू नका.

युनिट अडकवायचा, टेपनं चिकटवायचा माउंट दोन आठवड्यांत सुटून पडला. क्लॅम्प आमच्या हेल्मेटला बसत नाही, कडेला रबरी पट्टी जाड आहे.

दुहेरी टेप बहुधा मेणाच्या पॉलिशवर किंवा दमट पृष्ठभागावर लावली गेली. आधी पाण्यानं धुवून पूर्ण कोरडं करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. युनिटचा पाया टेकेल अशी कमीत कमी वळणाची जागा निवडा आणि काच वर करताना ती युनिटला घासत नाही ना ते पाहा. टेप लावून अर्धा मिनिट जोरात दाबा. मग युनिट न अडकवता हेल्मेट एक दिवस बाजूला ठेवा. अशा टेपची पकड एका दिवसात बरीचशी येते, पूर्ण व्हायला ७२ तास लागतात. लावल्या लावल्या पावसात नेलं की ती सुटणारच. स्क्रूसाठी हेल्मेटला भोक पाडून देणारेही भेटतील. त्यांना नकार द्या. पडल्यावर युनिट निखळून गेलेलं चांगलं असतं.

मागं बसणाऱ्याशी बोलायला आणि आठ गाड्यांच्या ग्रुपला, दोन्हीला एकच हेडसेट चालेल का?

मागच्या सीटशी बोलायला साधा ब्लूटूथ इंटरकॉम भरपूर झाला. एकाच कंपनीची जोडी घ्या. दोन कंपन्यांचे जोडता येतात, पण एक हेडसेट दुसऱ्याला फोन समजून जोडतो, त्यामुळे फोनची जागा अडते आणि आवाजही टेलिफोनसारखा चपटा होतो. आठ गाड्यांसाठी मेश हवा. ब्लूटूथची साखळी असते : आंबोली घाटात मधली गाडी चहाला थांबली की मागचे सगळे तुटतात. मेशमध्ये उरलेल्या गाड्या आपसात नवा मार्ग जोडतात. खोक्यावरचं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. घाटाच्या वळणात डोंगर मध्ये आला की ते फार कमी होतं.

टाइप-सी हेडसेट फोनच्या नव्या चार्जरवर चार्जच होत नाही. बिघडला का?

बहुतेक नाही. स्वस्त हेडसेटमध्ये टाइप-सीचं भोक असतं, पण चार्जरला "इथं उपकरण आहे" असं सांगणारे दोन छोटे रेझिस्टर बसवलेले नसतात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीत चार्जर मग वीज सोडतच नाही. जुना चौकोनी यूएसबी असलेला ५ व्होल्टचा साधा चार्जर आणि तशीच वायर लावा. तरीही दिवा लागला नाही, तर वॉरंटीत द्या.

हेडसेटवर फोन घेतला तर पोलीस दंड करतील का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, चालवताना हातात धरून संपर्काचं उपकरण वापरणं हे धोकादायक चालवण्यात धरलं आहे. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे असं उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी, चालकाचं लक्ष ढळणार नाही अशा रीतीनं वापरता येतं. हेडसेट हातात धरावा लागत नाही हे खरं. पण म्हणून बोलायला मोकळीक मिळाली असं धरू नका. तेच कलम लोकांना धोका होईल अशा चालवण्याबद्दल आहे. आमचं ठाम मत : फोन उचलायचा तो "गाडीवर आहे, थांबून लावतो" एवढं सांगायलाच. वाऱ्यातलं बोलणं समजून घेण्यात सगळं चित्त जातं, आणि समोर उसाची ट्रॉली कधी आडवी येईल याचा नेम नसतो. हेडसेटमध्ये फोन आपोआप उचलण्याची सोय असेल, तर ती आजच बंद करा.