वाचक विचारतात : मठातली बिअर, फ्रिज आणि सावजी

प्रश्न : मुलाने बेल्जियमहून ‘रोशफोर 10’ या मठातल्या बिअरच्या बाटल्या आणल्या. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून एक प्यालो, तर नुसती जळजळ आणि फेस. चव काही कळली नाही. तळाला गढूळ गाळही निघाला. माल खराब होता का? आणि लेबलवर 11.3 टक्के असताना नावात 10 कशासाठी? — एक वाचक, मोर्शी

उत्तर : माल चांगला होता, गार जास्त झाला. फ्रिजमधल्या 4 अंशांना या बिअरचा वास उठतच नाही. जिभेला फक्त अल्कोहोल आणि वायू लागतो. ती 10 ते 14 अंशांना प्यायची. उन्हाळ्यात फ्रिजबाहेर दहा-पंधरा मिनिटं पुरतात, डिसेंबर-जानेवारीत अर्धा तास तरी लागेल.

गाळ म्हणजे यीस्ट. बाटली भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालतात, म्हणजे ती आतच पुन्हा आंबते. गाळ प्यायल्याने बिघडत काही नाही, पण चव कडवट, पिठाळ होते. म्हणून बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा. काचेचा रुंद तोंडाचा ग्लास घ्या. स्टीलच्या गिलासात गाळ कधी उतरला ते दिसत नाही. ग्लासला तुपाचा हात किंवा साबणाचा अंश राहिला, तर फेस लगेच बसतो. स्वच्छ धुऊन उपडा वाळवा. ग्लास तिरका धरून एकाच धारेत ओता. मध्येच बाटली सरळ केली की तळ ढवळलाच म्हणून समजा. शेवटचा बोटभर भाग बाटलीत राहू द्या.

आधी वास घ्या : मनुका, सुकं अंजीर, काकवी, मागून लवंगेसारखा तिखट झोत. हे फळ-मसाल्याचे वास मुख्यतः यीस्टचे. काळपट रंगात आणि काकवीच्या अंगात गडद माल्टचा (मोड आणून भाजलेल्या धान्याचा) आणि साखरेचा वाटा. घोट लहान घ्या, क्षणभर तोंडात फिरवा. ग्लासात ती जसजशी कोमट होते तशी चव उलगडते, म्हणून एका बाटलीला अर्धा-पाऊण तास द्या. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर बाटली उष्णतेत किंवा जुनी होऊन मेली. आंबट शिरक्याचा आला, तर जंतू शिरले. तेव्हा ओतून टाका.

नावातला 10 हा आंबवण्यापूर्वीच्या रसाच्या घनतेचा जुना बेल्जियन अंश आहे. पाण्याची घनता 1 धरली तर या रसाची साधारण 1.100, म्हणजे 10 शतांश जास्त, म्हणून 10. तो अल्कोहोलचा टक्का नव्हे. मात्र 330 मिलीच्या त्या छोट्या बाटलीत सुमारे 29 ग्रॅम अल्कोहोल असतं. 60 मिलीच्या पेगमध्ये साधारण 20 ग्रॅम. म्हणजे जवळपास दीड पेग. एकाच बैठकीत दोन बाटल्या उघडू नका, आणि नंतर गाडीला हात लावू नका.

प्रश्न : ‘लेफ’च्या बाटलीवर मठाचं चित्र आहे. तीही ट्रॅपिस्ट, म्हणजे ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती भिक्षूंच्या मठातलीच ना? — एक वाचक, चिखली

उत्तर : नाही. लेफ मठाच्या नावाची असली तरी मोठ्या कंपनीच्या ल्युव्हनमधल्या कारखान्यात बनते. ट्रॅपिस्टचा षटकोनी शिक्का मिळायला बिअर मठाच्या आवारात, भिक्षूंच्या देखरेखीखाली बनावी लागते आणि नफा मठाच्या गरजांना व सेवाकार्याला जावा लागतो. बेल्जियममधली नावं लक्षात ठेवा : वेस्टमाले, वेस्टफ्लेटेरेन, शिमे, ओर्व्हाल, रोशफोर. चित्रापेक्षा शिक्का बघा. (लेफ वाईट आहे असं नाही, हा!)

प्रश्न : नागपूरचा मित्र शिमेची निळी बाटली घेऊन आमच्याकडे येणार आहे. सावजी मटणाबरोबर जमेल का? — एक वाचक, आर्वी

उत्तर : आधी कायद्याचं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि विदेशी बाटलीला त्यातून सूट नाही. मित्राला बाटली नागपुरातच ठेवायला सांगा, बैठकही तिथेच करा. गडचिरोलीतही बंदी आहे. चंद्रपूरची 2021 मध्ये उठली.

सावजीचा बेत मात्र बदला. निळ्या शिमेतलं 9 टक्के अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं आणि रश्शापुढे मनुका-लवंग सगळं बुजून जातं. साधं मिठा-मिऱ्यावर भाजलेलं मटण, खारे शेंगदाणे किंवा जुनं चीज घ्या. कमी तिखट झुणकाही चालेल. सावजी खायचंच असेल तर बिअर आधी संपवा.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो आणि वीज जाते. बाटली माठाजवळ ओल्या गोणपाटात ठेवली तर? — एक वाचक, दर्यापूर

उत्तर : दोन-तीन तासांच्या भारनियमनात निभावेल. पण गोणपाट कितीही ओलं ठेवलं तरी मे महिन्यात पंचविशीच्या आसपासच अडकतं. महिनाभर तसं ठेवू नका. वीज आल्यावर बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उभी ठेवा, दारात नको. दार उघडझाप करताना ती हलते. ऊनही लागू देऊ नका : प्रकाशाने हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली) द्रव्यं बिघडून उग्र दुर्गंधी सुटते. तापलेली आणि हललेली बाटली तशीच उघडलीत, तर निम्मी बिअर फेसाबरोबर जमिनीवर जाईल. आधी गार करा, दिवसभर स्थिर राहू द्या, मग मोरीत धरून हळूच झाकण उचका.