चावडीवर, कचेरीत आणि पालिकेत

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय: आजी 'मुन्शिपालटी' म्हणायची, वडील 'नगरपालिका' म्हणतात, पाटीवर 'नगरपरिषद' लिहिलेलं असतं. यातलं बरोबर कोणतं? आणि नुसत्या इमारतीबद्दल बोलायचं तर मराठीत वेगळा शब्द आहे का?

कागदावर 'नगरपरिषद' बरोबर. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांसाठीच्या १९६५ च्या अधिनियमाच्या (कायद्याच्या) आजच्या नावातच 'नगरपरिषदा, नगरपंचायती' असं आहे. 'परिषद' म्हणजे परि + सद्, भोवती मिळून बसणं. 'पालिका' म्हणजे पाळणारी, सांभाळणारी. एका शब्दात बसलेली माणसं दिसतात, दुसऱ्यात त्यांच्याकडून अपेक्षित असलेलं काम. लोकांनी कामाचा शब्द धरून ठेवला. (नळाला पाणी आलं नाही की त्याच शब्दाला वेगळी धार येते, ते सोडा.) आमच्या सांगलीत १९९८ मध्ये मिरज आणि कुपवाड जोडून महानगरपालिका झाली, तरी घरपट्टी भरायला निघालेला माणूस 'पालिकेत जाऊन येतो' एवढंच म्हणतो.

आजीचा शब्द मात्र अशुद्ध म्हणून बाजूला टाकू नका. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं आणि १८५३ मध्ये तिथं म्युनिसिपालटी आली, म्हणजे शब्दाचं वय तुमच्या पाटीपेक्षा बरंच जास्त. '-पालिटी'तला ऱ्हस्व इ मराठी तोंडात टिकत नाही; हॉस्पिटलचं 'हास्पटल' होतं तसंच हे. शिवाय शेवटी दीर्घ ई असल्यानं तो वाडी-गाडीच्या रांगेत जाऊन बसला आणि 'ती म्युनिसिपालटी' झाली.

आता इमारत. इथं गंमत अशी की मराठीत प्रवास दोन्ही दिशांनी झालाय. 'चावडी' हा शब्द कानडीतही आहे आणि तो मुळात जागेचा. खांबांवर छप्पर, समोर ओटा, तिथं पाटील-कुलकर्ण्यांनी सारा गोळा करायचा. मग 'चावडीनं बोलावलंय' म्हटलं की कारभारच बोलवायला लागला. पालिकेचं उलट झालं. आधी संस्था, मग 'पालिकेला रंग दिला' म्हणताना तीच भिंत झाली. फरक प्रत्ययात अजून दिसतो. चावडी'वर' जायचं, कारण ओटा चढायचा असतो. कचेरी'त' नि पालिके'त' जायचं, कारण दारातून आत शिरायचं असतं. 'पालिकेवर मोर्चा' यातला 'वर' निराळा, तो 'चाल करून जाणे'तला.

इमारत कितीही देखणी असली तरी तिला स्वतःचं नाव मिळेलच असं नाही. मुंबईत बोरीबंदरासमोर फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं बांधलेली गॉथिक वळणाची पालिका बघा. पायाभरणी १८८४ ची, काम संपलं १८९३ मध्ये. समोरचं स्टेशनही त्याचंच. त्या स्टेशनाला बोरीबंदर, व्हीटी, सीएसएमटी अशी किती नावं झाली. घुमट मिरवणारी पालिका मात्र 'महापालिका मुख्यालय' एवढ्यावरच राहिली.

तेव्हा ताई, लेख लिहिताना फक्त वास्तू दाखवायची असेल तर 'पालिकेची इमारत' लिहा. 'नगरभवन' ऐकायला छान आहे, पण रिक्षावाल्याला सांगून बघा.