गिरण्यांच्या शहरातील डिटेक्टिव्ह

प्रश्न : व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहरात घडणाऱ्या इंग्रजी रहस्यकथांत स्थानिक डिटेक्टिव्हच खुनाचा छडा लावताना दिसतो. अशा शहरांना स्वतःचे डिटेक्टिव्ह खरोखर असत का, की स्कॉटलंड यार्डला पाचारण करावे लागे? शिवाय बोटांच्या ठशांची सोय नसताना गुन्हा शाबीत कसा होई?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : असत. १८३५ च्या कायद्याने नगरपालिका असलेल्या शहरांवर स्वतःचे पोलीस दल उभारण्याची जबाबदारी टाकली आणि त्याची सूत्रे नगरसेवकांच्या ‘वॉच कमिटी’कडे दिली. स्कॉटलंड यार्डचे अधिकारी उत्तरेत येत ते स्थानिकांनी बोलावले तरच. या कमिटीवर कारखानदारही बसत. ज्याच्या गिरणीत तपास करायचा तोच तपास करणाऱ्याचा वरिष्ठ, हा पेच कथालेखकांनी अधिक वापरायला हवा, असे मला वाटते.

मँचेस्टरचा सर्वांत गाजलेला डिटेक्टिव्ह म्हणजे जेरोम कॅमिनाडा. तो १८४४ मध्ये डीन्सगेटच्या गरीब वस्तीत जन्मला आणि १८६८ मध्ये पोलिसात भरती झाला. त्याची पद्धत समजण्यास १८८९ चे घोडागाडी प्रकरण पुरेसे आहे. २६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी जॉन फ्लेचर हे कागद कारखानदार एका तरुणासह भाड्याच्या गाडीत बसले. वाटेत तो तरुण उडी मारून पसार झाला आणि आत फ्लेचर बेशुद्ध आढळले. प्रथम सर्वांनी ते दारूच्या अमलाखाली असावेत असे गृहीत धरले, परंतु थोड्याच वेळात त्यांचा मृत्यू झाला, त्यांचे घड्याळ व पैसे नाहीसे झाले होते आणि शवविच्छेदनात क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे औषध सापडले. हे औषध बेकायदा मुष्टियुद्धांत प्रतिस्पर्ध्याला गुंगवण्यासाठी वापरतात, हे कॅमिनाडाला ठाऊक होते. त्या धाग्यावरून तो त्या वर्तुळातील एका माणसाच्या मुलापर्यंत, अठरा वर्षांच्या चार्ल्स पार्टनपर्यंत पोहोचला. लिव्हरपूलच्या एका औषधविक्रेत्याकडून क्लोरलची बाटली चोरल्याचा पुरावाही मिळाला आणि मार्च महिन्यातच पार्टनला फाशीची शिक्षा ठोठावण्यात आली. पुढे ती जन्मठेपेत बदलली. रसायनशास्त्राने विष दाखवले खरे, पण ते विष शहराच्या कोणत्या गल्लीत फिरते हे प्रयोगशाळेला सांगता आले नसते. आपल्या कथांमधील स्थानिक डिटेक्टिव्हचे बळ नेमके हेच आहे.

बोटांच्या ठशांचा विभाग स्कॉटलंड यार्डमध्ये १९०१ साली, म्हणजे राणीच्या निधनाच्या वर्षी सुरू झाला. तोवर साक्षीदार, विषपरीक्षा, गहाणवटदारांकडील चोरीचा माल आणि बुटांचे ठसे यांवरच भिस्त असे. यांपैकी शेवटचा पुरावा किती घातक ठरू शकतो, हेही मँचेस्टरनेच पाहिले. १८७६ च्या ऑगस्टमध्ये व्हॅली रेंज भागात निकोलस कॉक या शिपायाचा गोळी घालून खून झाला. त्याच्याशी वितुष्ट असलेल्या आयरिश मजूर भावांपैकी विल्यम हॅब्रनचा बूट घटनास्थळाजवळच्या ठशाशी जुळल्याचे पोलिसांनी सांगितले आणि त्याला फाशी सुनावण्यात आली. सुदैवाने वय पाहून ती जन्मठेपेवर आली. खरा खुनी चार्ल्स पीस हा खटला पाहायला न्यायालयात हजर होता. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने शेफील्डजवळ आर्थर डायसन यांना ठार केले. १८७९ मध्ये या दुसऱ्या खुनासाठी फासावर जाण्यापूर्वी त्याने कॉकच्या खुनाचीही कबुली दिली, तेव्हा कुठे हॅब्रनची सुटका झाली.