बांधकामावरचे मृत्यू मजुरांच्या निष्काळजीपणामुळेच होतात का?

तुम्ही विचारलंय, बांधकामावर मजूर मरतात ते बहुतेक स्वतःच्या निष्काळजीपणाने का, आणि हे टाळता येईल का. मी साइटवर सुरक्षेचं काम पाहतो. टाळता येतं. पण 'निष्काळजीपणा' हे कारण मला मान्य नाही, कारण ते एकदा लिहिलं की चौकशी तिथेच थांबते.

सगळ्यात जास्त माणसं उंचावरून पडून जातात. त्यासाठी विसावा मजला लागत नाही, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरून पडूनही माणूस मरतो. स्लॅबमधल्या भोकावर नुसता ठेवलेला सुटा प्लायवुड मला उघड्या भोकापेक्षा भयंकर वाटतो. भोक निदान दिसतं. प्लायवुड उचलणारा तो दोन्ही हातांनी समोर धरून एक पाऊल पुढे टाकतो, आणि ते पाऊल भोकात जातं. झाकण ठोकून बसवायला आणि त्यावर ठळक खूण करायला कितीसा वेळ लागतो?

मग ऐकू येतं, 'सेफ्टी बेल्ट दिला होता, त्याने लावला नाही.' लावून अडकवायचा कुठे, हे कुणी दाखवलं होतं का? बेल्टची दोरी पाठीशी जोडलेली असते. 1.8 मीटरची ही दोरी पायापाशी अडकवली, तर ती ताणली जाईपर्यंत माणसाची पावलं तीन मीटरच्याही खाली गेलेली असतात. म्हणजे तीन मीटर उंचीवर काम करणारा बेल्ट लावूनही जमिनीवर आपटतो. म्हणून आधी कठडा, मग जाळी, आणि बेल्ट शेवटी. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधताना खाली लावलेल्या जाळीने 19 जणांना वाचवलं.

विजेचा धक्का, वरून पडणारं सामान, मागे येणारं यंत्र, यांनीही माणसं जातात. पण खोदकामाबद्दल लोक फारच गाफील असतात. एक घनमीटर माती साधारण दीड टनाची. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस, तोंड बाहेर असलं तरी, श्वास घेऊ शकत नाही. कडांना आधार दिल्याशिवाय खोल चरात कुणालाही उतरवू नका. आणि माती ढासळली तर वाचवायला उडी मारू नका, दुसरी ढासळ बहुधा येतेच. हे सांगताना मला फार जड जातं, पण सांगायलाच हवं.

या सगळ्याच्या मुळाशी घाई असते, आणि ती मजुराची नसते. 27 एप्रिल 1978 रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंडला वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरचं, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या उंच मनोऱ्याचं, काम चालू होतं. परांची टॉवरच्याच काँक्रीटला बोल्टने जखडलेली होती. आदल्या दिवशी ओतलेला थर पुरता घट्ट झालेला नसताना पुढचं काँक्रीट वर चढवायला घेतलं. तो थर सुटला, परांची कोसळली आणि 51 जण गेले. काँक्रीटने ताकद धरली की नाही हे तपासणं त्या 51 जणांचं काम नव्हतं.