कॅम्परची फुगलेली कपाटं आणि 4 लाखांची एफडी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅव्हलर मिनीबसवर बनवलेली सहा वर्षांची कॅम्पर व्हॅन (आत राहायची सोय असलेली गाडी), तुम्ही तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, जुलैत तारकर्लीला नेलीत, तिथे तीन दिवस धो धो पाऊस, छताच्या खिडकीतून पाणी आत आलं आणि नाशिकला परत येईपर्यंत सिंकखालचं कपाट फुगलं, वरच्या दोन कपाटांचा सनमायका सुटून लोंबायला लागला. पुण्याच्या एका गाड्या बनवणाऱ्याने सगळं आतलं फर्निचर नवीन करायचे 3 लाख 40 हजार सांगितले, घराजवळच्या सुताराने खराब झालंय तेवढंच करायचे 38 हजार. मिस्टर म्हणतायत करायचं तर एकदाच नीट करू, 4 लाखांची एफडी मोडू, मग गाडी भाड्याने देऊन पैसे काढू.

एफडी मोडू नका ताई. तुमचा महिन्याचा खर्च 55 हजार, घरात 80 वर्षांच्या सासूबाई, मिस्टरांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं, म्हणजे ही एफडी म्हणजे घराचा सात महिन्यांचा श्वास आहे. त्यातून 3 लाख 40 हजार काढले की उरतात 60 हजार, जेमतेम एक महिना. उद्या सासूबाईंना ॲडमिट करावं लागलं तर सनमायका विकून डिपॉझिट भरता येणार नाही. आणि एफडीऐवजी पर्सनल लोन म्हणाल तर 13 टक्क्यांनी तीन वर्षांचं धरलं तरी हप्ता साडेअकरा हजारांच्या आसपास बसतो आणि 72 हजारांच्या वर नुसतं व्याज जातं, तुमच्या सुताराचं बिल जवळजवळ दोनदा भरून होईल एवढं.

आता भाड्याचं. तुमची पाटी पांढरी, म्हणजे गाडी खाजगी वापराची. ती पैसे घेऊन दुसऱ्याला देणं परमिटशिवाय चालत नाही, आणि तशा ट्रिपला अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी क्लेम नाकारू शकते. तेव्हा ती कमाई हिशोबातून पूर्ण काढून टाका, मग 3 लाख 40 हजारांच्या बाजूने फार काही उरतच नाही. गाडी विकताना नवीन कपाटांचे कुणी वेगळे एवढे पैसे देत नाही. तुम्ही वर्षातून 25 दिवस फिरता, अजून पाच वर्षं वापरलीत तर दिवसाला 2720 रुपये फक्त कपाटांचे पडले, त्यात गावोगाव चांगली रूम मिळते.

इन्शुरन्समधून मिळेल का हेही विचारलंय. हळूहळू झिरपलेलं पाणी आणि जुनं झालेलं सील हे झिजेत धरतात, त्यामुळे आशा कमी आहे, शिवाय आतलं फर्निचर पॉलिसीत वेगळं दाखवलेलं नसेल तर प्रश्नच मिटला. समजा मान्य झालाच, तर पाच वर्षांवरच्या गाडीला लाकडी पार्टवर 40 टक्के घसारा कापतात आणि तुमचा तीन वर्षांचा 35 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो. 38 हजारांसाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

मी सुताराच्या घरात वाढलोय म्हणून कामाबद्दलही बोलतो, कारण पैसे इथेच वाया जातात. आधी पाणी बंद करा, कपाट नंतर. छताच्या खिडकीचं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढून नवीन सील लावायचं, जुन्यावर नवीन चोपडलं तर ते धरत नाही. याचे 9 हजार सांगितलेत ना, ते आत्ताच खर्च करा. मग गाडी कोरडी होऊ द्या, उघडीप मिळेल तेव्हा कपाटांची दारं उघडी ठेवून, आणि सुताराला ऑक्टोबरच्या उन्हानंतरच बोलवा, ओल्या बोर्डावर चिकटवलेला सनमायका पुढच्या घाटात परत सुटणार. वरच्या कपाटांचा बोर्ड टणक असेल तर जुना गोंद घासून सनमायकाचे तेच पत्रे परत चिकटवता येतात, नवीन लागत नाहीत. सिंकखालचा पार्टिकल बोर्ड मात्र एकदा फुगला की परत बसत नाही, तो तेवढा बदलायचा, आणि तिथे बीडब्ल्यूपी ग्रेडचा, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, 12 मिमी प्लायच सांगा, कडा चारही बाजूंनी बंद करून, आतूनही पातळ लॅमिनेट लावून, नाहीतर एका बाजूने वाकतो. पुण्यावाल्याने सगळीकडे 18 मिमी धरलाय, त्याच्या एका 8 बाय 4 शीटचं वजनच 30 किलोच्या वर असतं, गाडीवर ते रोज वाहायचं कशाला.

मिस्टरांचं म्हणणं एका बाबतीत खरं ठरू शकतं. सिंकखालची जमीन आणि खिडकीभोवतीचं छत स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं किंवा फ्रेमला गंज दिसला तर विषय कपाटांचा नाही, गाडीच्या सांगाड्याचा आहे, मग सुताराला थांबवा, पुण्यावाल्यालाही थांबवा आणि आहे तशी विकली तर किती येतात ते आधी काढा.

तसं नसेल तर हिशोब सोपा आहे. महिन्याला तुमचे 14 हजार उरतात, ऑगस्ट ते नोव्हेंबर 56 हजार झाले. सील 9, सुतार 38, वर 8 हजार बिजागऱ्या-लॉक आणि निघेल त्याला, 55 मध्ये बसतं, आणि डिसेंबरची गोकर्णची ट्रिपही होते. सुताराला सगळे पैसे आधी देऊ नका. सील लावून झालं की छतावर अर्धा तास पाइपने पाणी मारून आत हात फिरवून बघा, कोरडं असेल तरच त्याला सुरू करू द्या, आणि शेवटचे 10 हजार कसारा घाट एकदा चढून-उतरून आल्यावर, दारं जागेवर असतील तर.