बुगुन लियोसिक्ला हा दुर्मीळ पक्षी पाहायचा आहे. अरुणाचलातल्या ईगलनेस्ट अभयारण्यात कधी जावं आणि तो नेमका कुठे शोधावा?

मार्च ते मे हा काळ धरा. त्यातही एप्रिल मला सर्वांत बरा वाटतो, कारण तेव्हा पक्षी गात असतात आणि मोठा पाऊस अजून लागलेला नसतो. मेअखेरीनंतर दरडींमुळे रस्ता कधी बंद होईल याचा भरवसा नाही.

अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट (बाहेरच्या राज्यांतल्यांसाठीचा प्रवेश परवाना) लागतं, ते ऑनलाइन आधीच काढून ठेवा. तेजपूर, भालुकपोंग, टेंगा, सिंगचुंग आणि तिथून वर लामा कॅम्प, असा रस्ता आहे. मुक्काम लामा कॅम्पलाच करा. हा पक्षी साधारण 2,060 ते 2,340 मीटर उंचीच्या पट्ट्यात नोंदला गेला आहे आणि कॅम्प त्याच्या वरच्या टोकाशी आहे. किमान तीन सकाळी हाताशी ठेवा, कारण धुकं उतरलं की तो दिवस गेलाच.

बहुतेक जण त्याला दाट, उंच जंगलात शोधतात आणि तिथेच चुकतात. तो राहतो पूर्वी तोड झालेल्या उतारांवरच्या गच्च झुडपांत आणि जंगलाच्या कडेच्या लहान झाडांवर. म्हणून रस्त्यावरूनच सावकाश चालत कान देऊन ऐका: बासरीसारखी, खाली उतरत जाणारी शीळ. कूळ आपल्या सातभाईचंच, त्यामुळे जोडीने किंवा छोट्या थव्याने फिरतो.

आकार 22 सेंटिमीटर. अंग राखाडी-हिरवट, टोपी काळी, डोळ्यापुढे सोनेरी पिवळा ठिपका, पंखांवर पिवळे, लाल आणि पांढरे पट्टे. तिथल्या रेड-फेस्ड लियोसिक्लाशी गल्लत होते, पण त्याचा चेहराच गडद लाल असतो आणि अंग तपकिरी.

एक कळकळीची विनंती: फोनवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. विणीच्या काळात तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजून पक्षी घरटं सोडून धावत येतो. 2006 साली पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमण अत्रेय यांनी ही जात जगापुढे मांडली, तेव्हा नोंद झालेले पक्षी होते अवघे 14. म्हणूनच त्यांनी नमुन्यासाठी पक्षी मारला नाही. जाळ्यात आलेल्या पक्ष्याची गळालेली पिसं, फोटो आणि आवाजाची ध्वनिमुद्रणं यांवर वर्णन केलं आणि पक्षी सोडून दिला.

वाटाड्या सिंगचुंगचा, तिथल्या बुगुन जमातीचाच घ्या. याच लोकांच्या नावावरून पक्ष्याला नाव मिळालं आणि 2017 मध्ये आपल्या जमिनीतलं 17 चौरस किलोमीटर जंगल त्यांनी सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून राखलं. आज पक्षी कुठल्या वळणावर आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं.