'गाडी' म्हणजे नेमकी कोणती?

तुमचा प्रश्न असा आहे: मैत्रीण सकाळी म्हणाली, 'गाडी लागली, चल'. दुपारी म्हणाली, 'मला गाडी लागते'. संध्याकाळी विचारलं, 'गाडी कुठे लावलीस?' शब्दकोशात 'गाडी'पुढे 'वाहन' एवढंच, मग अर्थ ओळखायचा कसा?

गाडीपेक्षा तिच्या शेजारचे शब्द बघा. फलाटावर येऊन उभी राहिली की गाडी लागते. प्रवासात मळमळायला लागलं की माणसाला गाडी लागते. इथे 'मला', 'बाळाला' असा कोणीतरी हवाच. लावणं म्हणजे जागा बघून उभी करणं. निघाली की गाडी सुटते, आणि आपण पोचायच्या आत सुटली की आपली गाडी चुकते. हल्ली चुकण्याच्या अर्थानेही 'माझी गाडी सुटली' ऐकू येतं, पण ते हिंदीचं वळण आहे. 'चुकली' हाच नेमका शब्द, तो तुम्ही जरूर वापरा.

मला सगळ्यात आवडते ती 'त' आणि 'वर'ची खूण. 'गाडीवर आला' म्हणजे दुचाकी. 'गाडीत बसला' म्हणजे कार, बस किंवा रेल्वे. वाहनाचं नावही घ्यावं लागत नाही. पण एसटीचा ड्रायव्हर 'नाशिकच्या गाडीवर आहे' म्हणजे त्याची त्या फेरीवर ड्यूटी आहे. आणि भेळेच्या गाडीवर भेळ मिळते, ती गाडी चाकं असूनही दिवसभर जागची हलत नाही.

नुसतं 'गाडी' म्हटलं तर ज्याच्या त्याच्या रोजच्या वापरातली. शेतावर बैलगाडी, स्टेशनात रेल्वे. गावात 'मुक्कामाची गाडी' म्हणजे रात्री वस्तीला येऊन पहाटे परत जाणारी एसटी.

जोडशब्दांत पूर्वी पहिलं पद ओढणारा कोण ते सांगायचं: बैलगाडी, घोडागाडी, हातगाडी. म्हणून 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे धावली, त्या नव्या वाहनाला 'आगगाडी' हे नाव किती सहज बसतं बघा! बैलाच्या जागी आग. मालगाडी, बाबागाडी यांत मात्र आत काय किंवा कोण आहे ते कळतं. ढकलगाडी तर कधीकधी वाहनच नसते. नापास मुलाला वरच्या वर्गात ढकलणं म्हणजेही ढकलगाडी.

आता 'गाडा'. लोटा-लोटी, सुरा-सुरी तशीच ही जोडी: गाडा मोठा, जड. लढाईत रणगाडा. संसाराचा किंवा राज्याचा गाडा 'हाकायचा', तिथे ओझं जाणवायला हवं, म्हणून 'गाडी' म्हटलं की वाक्य हलकं होतं. शर्यतीतला बैलगाडा वजनाला हलका असतो, तरी तो गाडाच. भाषेत असे अपवाद राहतात.

आणखी एक शब्द याच वाटेवरचा. गाडीच्या चाकांनी मातीत पडलेली खोल रेघ म्हणजे चाकोरी. चाक एकदा तिच्यात उतरलं की बाहेर काढताना बैलांना जोर लावावा लागतो. 'चाकोरीबाहेरचं काम' म्हणताना हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हणही तुम्हाला भेटेल. मोठ्याच्या सोबतीने लहानाचंही आपोआप साधलं की म्हणतात. यातला नळा पाण्याचा नव्हे. कण्याला, म्हणजे चाकांच्या आसाला, घालायचं तेल ठेवायची, गाड्याला टांगलेली बांबूची नळी. गाडा यात्रेला गेला की तीही जायचीच.